भरून ठेवलेल्या बॅटऱ्या

गुणवंतीकाकीनं कुणाला फुकट काही दिल्याचं आमच्या वाडीच्या आठवणीत नाही. तिच्या माडाची झावळी वाऱ्यानं उडून शेजारच्या केरूच्या अंगणात पडली, तरी संध्याकाळी ती स्वतः येणार, झावळी ओढत परत नेणार आणि जाताना केरूच्या बायकोला विचारणार, "अजून काय पडलं नाय ना आमचं?" अशा बाईनं आपली आंब्याची खोली एका परक्या बाईला भाडं न घेता देऊन टाकली, तेव्हा वाडीनं आपापल्या परीनं हिशोब मांडून बघितला. तो कुणालाच लागला नाही.

परकी बाई म्हणजे वेदिका. देवरूखकडची सून, वय तीस-बत्तीस, महिला गटातर्फे ड्रोन चालवायला शिकलेली. हातखंब्याच्या अलीकडे रस्ता फुटतो तिथून आत आमची वाडी आणि पुढं दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा. त्या बागांवर ती ड्रोननं फवारणी करायची. पालवीवर तुडतुडे आले, मोहोर धरला, की बागवाले तिला फोनावर फोन करत. ड्रोनचं काही अडत नव्हतं, तो टेम्पोत मावायचा. अडत होतं ते त्याच्या बॅटऱ्यांचं. रत्नागिरीत ती ज्या खोलीत राहायची तिथल्या मालकानं मोबाइलवर कुठल्याशा जळत्या स्कूटरचा व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, तू राहा, त्या राहायच्या नाहीत.

काकीची आंब्याची खोली घरापासून सुटी. चिऱ्याच्या भिंती, खाली फरशी, वर पत्रा, दोन्ही बाजूंनी खिडकी. नवरा होता तोवर तिथं आढी लागायची, पेंढ्यात आंबे पिकायचे. नंतर नुसता पेंढाच राहिला. वेदिकानं खोली पाहिली आणि म्हणाली, "काकी, हा पेंढा पहिला बाहेर काढायचा."

"का गो? मऊ राहतील की त्या."

"त्यांना मऊ नको. पेटल्या तर विझवायला कोण येणार?"

"पेटतात?"

"नीट ठेवल्या तर नाही पेटत. पण नीट ठेवायला लागतं."

मग तिनं नीट ठेवणं म्हणजे काय ते सांगितलं. चार्जिंग फरशीवरच करायचं, खाटेवर, गोधडीवर नाही. खिडक्या उघड्या. गॅसचा सिलेंडर, रॉकेल, कागद जवळ नको. उडून आलेली बॅटरी गरम असते, ती आधी निवू द्यायची, मग लावायची. कुठली फुगलेली दिसली तर तिला चार्जर लावायचा नाही, तिच्यात काही खुपसायचं नाही, उचलून बाहेर वाळूत ठेवायची आणि फोन करायचा. म्हणून दाराशी वाळूची बादली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, चार्जिंग चालू असताना माणूस तिथंच हवा. लावून देवळात गेलं, झोपलं, असं चालायचं नाही.

काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुझ्या बॅटऱ्यांना सोबत लागते. माणसांचंच तेवढं कुणाला काय वाटत नाय."

वेदिका हसली. ती थट्टा आहे असं तिला वाटलं.

जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं होतं, ते काकीनं पक्कं लक्षात ठेवलं. गटाच्या बायकांचं म्हणणं होतं की बॅटऱ्या हातखंब्याला गटाच्या गोदामात लोखंडी कपाटात असाव्यात. वेदिकाला बागांच्या जवळ जागा हवी होती म्हणून तिनं भांडून ही परवानगी घेतली होती. "इथं काही बिघडलं ना काकी, तर सगळ्या उचलून तिकडं न्यायच्या, असं ठरलंय. मग माझंही इकडं येणं व्हायचं नाही."

"काय बिघडत नाय," काकी म्हणाली.

ती थंडी आणि तो उन्हाळा काकीनं जे केलं त्याला राखण म्हणावं की नोकरी, यावर वाडीत मतभेद आहेत. वेदिका सकाळी यायची, भरलेल्या बॅटऱ्या न्यायची. दुपारी रिकाम्या आणून टाकायची. त्या निवेपर्यंत चहा. मग चार्जर सुरू. चार्जरचा पंखा घूं करायला लागला की काकी दारात पाट टाकून बसायची, मांडीवर निवडायचे तांदूळ. वेदिकाला वेळ असला तर तीही बसायची. दोघी काय बोलत हे केरूच्या बायकोनं पुष्कळदा भिंतीआडून ऐकलं, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे ऐकण्यासारखं त्यात काही नसे.

"तुझी सासू काय म्हणते ड्रोनला?"

"म्हणते, बाईमाणसानं वर बघत फिरू नये, पाय मोडेल."

"मोडला काय?"

"एकदा मुरगळला."

"मग खरंच बोलते की म्हातारी."

असलं सगळं. केरूच्या बायकोनं ऐकणं सोडून दिलं. पण तिनंच आम्हाला सांगितलं की काकीनं चहाची साखर वाढवली आहे. काकीचा चहा वाडीत सगळ्यांनी एकेकदा प्यायलेला आहे. ही बातमी लहान नव्हती.

काकीचा मुलगा संदेश पनवेलला. दर रविवारी फोन करतो. "बरी हायस ना?" "बरी हाय." "काय पायजे काय?" "काय नको." नियमात कधी खंड नाही आणि मजकुरात कधी बदल नाही. एका रविवारी मात्र काकी म्हणाली, "मी नंतर बोलतंय, चार्जिंग चालू हाय." आणि फोन ठेवला. संदेशनं घाबरून केरूला फोन केला. केरूनं त्याला समजावलं की आईचं डोकं ठिकाणावर आहे, फक्त बसायची जागा बदलली आहे.

आंबा उतरला, फवारणी थांबली. पावसाच्या तोंडावर वेदिका शेवटची आली. आता भाताच्या लावणीला सासरी देवरूखला जायचं, ते दसऱ्यापर्यंत. जाण्याआधी तिनं चार्जरवर वेगळं बटण दाबून सगळ्या बॅटऱ्या निम्म्यावर आणून ठेवल्या. बॅटरीवरची कळ दाबली की चारांपैकी दोन दिवे लागत.

"ह्या अशाच राहू द्यायच्या, काकी. पुरत्या भरलेल्या नाहीत, पुरत्या रिकाम्या नाहीत. भरून ठेवल्या की आतून खराब होतात. महिन्यातून एकदा कळ दाबून बघा. एक दिवा झाला तर फोन करा. चार्जर लावू नका."

"बरं."

"नक्की ना?"

"बरं म्हटलं ना गो!"

तिनं बरं म्हटलं हे खरं. पण काकीच्या घरात एक चाल होती. सासूनं घालून दिलेली. घरातला माणूस मुंबईला निघाला की त्याचा पाण्याचा तांब्या काठोकाठ भरून भिंतीतल्या देवळीत ठेवायचा आणि तो परत येईपर्यंत उणा होऊ द्यायचा नाही. पाणी आटलं, वर घातलं. गेलेल्या माणसाचं भांडं अर्धं राहिलं तर माणूस अर्ध्या वाटेवरून दुसरीकडे वळतो, असं सासूचं म्हणणं. काकीचा नवरा गोदीत कामाला होता. वर्षानुवर्षं तिनं त्याचा तांब्या भरला आणि तो शिमग्याला, गणपतीला येत राहिला. एका गणपतीला तांब्या भरलेला होता आणि तो आला नाही, त्याची बातमी आली. दुसरी कुणी असती तर त्या दिवशी तांब्या घासून मांडणीवर ठेवून दिला असता. काकीनं आपलं कुठं पाणी कमी पडलं असेल ते शोधलं.

आता देवळी रिकामी होती आणि खोलीत कुणाच्या तरी आठ वस्तू अर्ध्या पडल्या होत्या.

पहिले काही दिवस तिनं दम धरला. मग एका दुपारी, पाऊस लागून राहिलेला, समोरच्या घरची माणसं लावणीला गेलेली, तिनं चार्जर लावला. तिला बटणं पाठ होती. फरशीवरच लावला, खिडक्या उघडल्या, वाळूची बादली जवळ ओढली, पाट टाकून बसली. वेदिकानं सांगितलेला एकेक नियम तिनं पाळला, मुख्य सोडून. पंखा घूं करायला लागला. एकेक दिवा वाढत चार झाले. एकेक करून आठही भरल्या. पुढं एखादीचा एक दिवा कमी दिसला, की पुन्हा वर घालायची. हे तिनं पुढं केरूच्या बायकोला सांगितलं, म्हणजे वाडीला सांगितलं. "त्या पंख्याच्या आवाजानं बरं वाटायचं," असंही म्हणाली.  त्यावर केरूच्या बायकोनं विषय बदलला.

दसरा जवळ आला तसा वेदिकाचा फोन आला. बागांना पालवी फुटलीय, दोन दिवसांत येते, टेम्पो घेऊन येते. "आदल्या दिवशी बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवाल का, काकी? आल्या आल्या ड्रोन चढवून बघते."

"ठेवते की."

भरायच्या काय, भरलेल्याच होत्या. काकी खोलीत गेली ती नुसती पुसून ठेवायला. आणि खिडकीकडची एक उचलली तर ती पोटाशी फुगलेली, निळं प्लास्टिक ताणून तुकतुकीत झालेलं. खोलीत गोडसर वासही होता.

त्याच वेळी केरू कुंपणावरून म्हणाला, "काकी, कसला वास येतोय? नखपॉलिशसारखा?"

"फणस फोडलाय."

"आश्विनात?"

"तुला काय करायचाय? तुला बोलावलाय काय गरे खायला?"

 केरूनं घरी जाऊन सांगितलं की काकी खोटं बोलली आणि वाईट बोलली. पहिलं त्याला नवीन वाटलं.

काकीला काय करायचं ते माहीत होतं. बाहेर वाळूत ठेवायची आणि फोन करायचा. फोन केला की वेदिका विचारणार, निम्म्यावर होत्या त्या फुगल्या कशा? मग गटाच्या बायका. मग लोखंडी कपाट. तिनं मोबाइल हातात घेतला आणि परत ठेवला. मग तिला दुसरं आठवलं. खाराच्या आंब्याची बरणी भरली की आंबे वर येतात, फुगतात. त्यांच्यावर धुतलेला दगड ठेवला की गुमान खाली बसतात. तिनं माडांच्या आगरातला एक चिरा उचलून आणला, फडक्यात गुंडाळला आणि बॅटरीवर ठेवला.

वेदिकानं एवढे नियम सांगितले होते, पण फुगलेलीवर दगड ठेवू नका हे सांगायचं तिला सुचलं नव्हतं. कुणाला सुचलं असतं?

दोन दिवसांनी चिरा काढला तर बॅटरी सपाट. जरा चुरगळल्यासारखी, पण सपाट. कळ दाबली तर दिवे लागले. काकीनं ती पुसून रांगेत बाकीच्यांबरोबर उभी केली, खिडक्या उघडून वास घालवला आणि घावन्यांचं पीठ भिजवलं.

वेदिका आली ती घाईतच. टेम्पोवाला रस्त्यावर थांबलेला, एका बागवाल्याचे दोन फोन येऊन गेलेले. लावणीनं हात काळवंडलेले होते, चेहरा उतरलेला. काकीला पाहून मात्र खुलली.

"घावने केलेत? थांबा, आधी ड्रोन बघते, मग खाते. नाहीतर तो टेम्पोवाला तिकडून ओरडत बसेल."

"खाऊन घे गो आधी. गार होतील."

"होऊ देत."

तिनं खोलीत जाऊन एकेक कळ दाबली. चार दिवे, चार दिवे, चार दिवे. "काकी, तुम्ही होतात म्हणून! गटातल्या बायकांना सांगते आता, त्यांचं कपाट ठेवा म्हणावं त्यांच्याकडेच." आणि दोन बॅटऱ्या उचलून अंगणात उतरवून ठेवलेल्या ड्रोनपाशी आली. त्यातली एक तीच.

काकी पायरीवर उभी होती. वेदिकानं ड्रोनच्या पोटात पहिली बॅटरी बसवली, पट्टा आवळला. मग दुसरी घेतली. बसवायला जरा जोर लागत होता म्हणून तिनं ड्रोनवर ओणवून, तोंड अगदी जवळ नेऊन, दोन्ही हातांनी ती आत ढकलायला घेतली. कोपरापर्यंत उघडे हात.

त्या क्षणी गप्प राहिलं असतं तर कदाचित काही झालं नसतं. ड्रोन उडाला असता, उतरला असता, वेदिका घावने खाऊन गेली असती आणि दुसऱ्या दिवशी परत आली असती. हा हिशोब काकीनंही केला असणार. हिशोबात ती कच्ची नव्हती.

"ती लावू नकोस," काकी म्हणाली.

"का?"

"फुगली होती ती. मी दगड ठेवून बसवलीय."

वेदिकाला पहिल्यांदा कळलंच नाही. "काय ठेवून?"

"दगड. चिरा."

मग वेदिकानं बॅटरी हळूच बाहेर काढली, हात लांब धरून अंगणापलीकडच्या कातळावर नेली, वाळूची बादली मागवली आणि तिच्यात ठेवून वरून वाळू घातली. दोघी लांब जाऊन बसल्या. आता लगेच सोडून जाता येत नाही, वेदिका म्हणाली, लक्ष ठेवायला लागतं. टेम्पोवाल्याला तिनं थांब म्हणून हात केला. वाडीतली दहा-बारा माणसं कुंपणाशी जमली. केरूनं आपल्या घरची पाण्याची नळी आणून ठेवली होती, ती तशीच हातात.



"तुम्ही त्या भरल्या होत्या ना? मी गेल्यावर?" वेदिकानं शेवटी विचारलं.

"हो."

"मी सांगून गेले होते."

"हो."

"मग?"

काकीनं तांब्याचं सांगितलं. देवळी, सासू, सगळं. वेदिका ऐकत होती, पण बादलीवरची नजर काढत नव्हती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "काकी, मी काय मुंबईला गेले होते? देवरूखला होते मी. एका एसटीच्या वाटेवर."

"मुंबईवाला तरी गणपतीला यायचा," काकी म्हणाली.

 गणपतीत वेदिका आली नव्हती, हे खरंच होतं. फोनही केला नव्हता. करायचं काही कारण नव्हतं.

बादलीतून धूर आला नाही. जाळ झाला नाही. कुंपणाशी जमलेले एकेक करून घरी गेले, जरा फसवल्यासारखे. केरूनं नळी गुंडाळली.

"नाय पेटली," काकी म्हणाली. "उगाच सांगितलं."

"उगाच काय? वर चढवल्यावर ताण आला असता तर पेटली असती."

"असती?"

"कदाचित." वेदिका उठली. तिनं साडी झटकली. "माझे हात होते तिथं. सांगितलंत ते बरं केलंत." मग दुसरीकडे बघत म्हणाली, "पण बाकीच्या सातही चार महिने भरलेल्या होत्या. त्यांच्यावर आता माझा भरवसा नाही. तपासून घ्याव्या लागतील. गटाला सांगावं लागेल."

"सांग."

"मी रागावले नाही, काकी."

"रागावलीस तरी चालेल गो."

सात बॅटऱ्या त्यांच्या जाड पिशव्यांतून टेम्पोत गेल्या, अंतर सोडून, मध्ये खोके लावून. आठवी वाळूच्या बादलीसकट मागच्या टोकाला. चार्जर गेला. काकीनं घावने फडक्यात बांधून दिले. वेदिका म्हणाली, "येत जाईन मी. काम नसलं तरी." हे ती खोटं बोलली असं आम्ही म्हणणार नाही. तसं म्हणताना तिला ते खरं वाटत असणार. सीझन सुरू झाला होता, बागा पार समुद्राकाठच्या मिऱ्यापर्यंत पसरलेल्या, घरी देवरूखला सासू आणि भात कापायला आलेलं.

टेम्पो हळूहळू खाली गेला, कारण रस्ता खराब आणि मागं त्या वस्तू. म्हणून काकीला त्याच्याबरोबर चालता आलं. ती कधी कुणाला पोचवायला डांबरी रस्त्यापर्यंत जात नाही, संदेशलाही नाही. त्या दिवशी गेली. एसटीच्या थांब्याशी टेम्पो डांबरीला लागला, वेदिकानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि टेम्पो वळणाआड गेला.

थांब्यावर लांज्याच्या गाडीची वाट बघत एक बाई बसली होती. गावातली नव्हे. तिनं काकीकडे बघितलं, वळणाकडे बघितलं.

"लेक काय तुमची?"

"नाय," काकी म्हणाली. "तिच्या बॅटऱ्या होत्या माझ्याकडे."

बाईला काही कळलं नाही. तिनं सरकून जागा केली. काकीला कुठं जायचं नव्हतं, तरी ती गाडी येईपर्यंत तिथं बसून राहिली.